गोल मेजाभोवतीची पंगत

भाद्रपद सरत आला की रत्नागिरीचे ऊन नव्याने जन्माला आल्यासारखे स्वच्छ होते, आणि त्या स्वच्छ उन्हाला पहिला वास येतो तो मात्र बुरशीचा. चार महिने कोंदटून राहिलेली घरे आपले पोट अंगणात रिते करतात; गोधड्या, धाबळ्या, आंब्याची साठे, देवांची वस्त्रे, जे जे ओलीने धरले असेल ते ते जांभ्याच्या गडग्यावर आणि सारवलेल्या खळ्यात हारीने पसरते, आणि दुपारपर्यंत साऱ्या आळीवर एक उबट, किंचित आंबूस, तरीही हवाहवासा वास तरंगत राहतो. त्या वर्षी त्या वाळवणात माझे बीजगणिताचे जाडजूड इंग्रजी पुस्तकही होते. आईने ते सुपात उघडे करून भोपळ्याच्या बियांशेजारी ठेवले होते, आणि वाऱ्याने उलटणारी त्याची पाने एका ठिकाणी येऊन अडत होती, कारण तिथली काही पाने ओलीने एकमेकांना घट्ट चिकटली होती. मी जवळ जाऊन पाहिले, तर ते पर्म्युटेशन आणि कॉम्बिनेशनचे प्रकरण होते. ओलीलाही नेमके तेच सापडावे ह्याचा मला क्षणभर आनंद झाला, आणि लगेच मी ती पाने नखाने सोडवू लागलो. कारण ज्या प्रकरणाने मला इंटरच्या परीक्षेत बुडवले होते ते असे चिकटलेले राहून चालणार नव्हते.

तीस सालच्या आगेमागेची ही गोष्ट. मुंबईला कॉलेजात असताना मी इंटरला गणितात नापास झालो आणि पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने ट्रंकेसकट घरी आलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले. त्यांनी शांतपणे सांगितले की एक वर्ष घरी बसून अभ्यास कर, फाल्गुनात पुन्हा परीक्षा दे, आणि ह्या खेपेलाही जमले नाही तर कचेरीत उमेदवार म्हणून चिकटवून देतो. कचेरीतले उमेदवार मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पाठीला बाक आणि बोटांना शाई घेऊन ते कुणातरी कारकुनाच्या मरणाची किंवा बदलीची वाट पाहत बसलेले असत. मला इंजिनियर व्हायचे होते. आमच्या मुलखात चार कोस चालावे की खाडी आडवी येते, आणि वेळणेश्वरला आजोळी जाताना जयगडच्या खाडीशी तरीची वाट पाहत, चिखलात पाय रोवून, मी लहानपणी मनातल्या मनात कितीतरी पूल बांधले होते. ते सगळे पूल आता एका प्रकरणापाशी येऊन अडले होते.

ज्यांना हा विषय सहज आला त्यांना त्याचा जाच कळायचा नाही. बाकीच्या बीजगणितात चूक झाली की ती कुठेतरी बोंब मारते. समीकरण जुळत नाही, वर्गमुळाखाली भलताच आकडा निघतो, आणि माणूस निमूटपणे मागे जाऊन घसरल्याची जागा शोधतो. इथे चुकीचे उत्तरसुद्धा बरोबर उत्तराइतक्याच तोऱ्यात येते. गुणायचे की मिळवायचे, क्रम धरायचा की सोडायचा, एकच गोष्ट आपण दोनदा तर मोजली नाही ना, ह्यांतले काहीही ते उत्तर तोंडावर दिसू देत नाही. आणि पुस्तकाच्या शेवटी पाहावे तर छापील उत्तराचे आणि माझ्या उत्तराचे ना नाते ना गोते. कुठे चुकलो ते पुस्तक सांगत नसे. मी चिडत असे. आईवर चिडत असे, गडग्यावरच्या कावळ्यावर चिडत असे, रात्रंदिवस एकच एक सूर लावणाऱ्या समुद्राच्या गाजेवरही चिडत असे, आणि सगळ्यांत जास्त चिडत असे त्या पुस्तक लिहिणाऱ्या साहेबावर. पिशवीत काळेपांढरे चेंडू भरून ते न पाहता बाहेर काढायचे, माणसे गोळा करून त्यांच्या कमिट्या नेमायच्या आणि पाहुणे आले की त्यांना गोल मेजाभोवती बसवायचे, ह्यापलीकडे त्या गृहस्थाला दुसरा उद्योग नव्हता. त्यात वर्तमानपत्रांतून विलायतेतल्या गोलमेज परिषदेच्या बातम्या गाजत होत्या. अख्ख्या हिंदुस्थानचे पुढारी तिकडे एका मेजाभोवती बसत होते, आणि मला मेले सहा पाहुणे धड बसवता येत नव्हते.

माझी ही तणतण ऐकून ऐकून कंटाळलेल्या आईनेच शेवटी नाना मास्तरांचे नाव काढले. मास्तर देशावरच्या कुठल्याशा शाळेत हयातभर गणित शिकवून, निवृत्त होऊन गावी परतले होते आणि किल्ल्याच्या वाटेवर, जिथे माडांची दाटी संपून कातळ सुरू होतो तिथे, दोन खोल्यांत एकटे राहत होते. आईवडील प्लेगात गेले होते आणि बायको आणि मुलगी इन्फ्ल्युएंझाच्या साथीत एकाच आठवड्यात गेल्या, असे लोक सांगत. ते स्वतः कधी सांगत नसत. स्वैपाक हाताने करीत, धोतर हाताने धूत, आणि कुणी कीव करू लागले तर त्याची अशी फिरकी घेत की तो माणूस पुन्हा कीव करायला येत नसे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे पाटीवर ऐटीत सूत्र लिहिले. त्यांनी ते तळहाताने पुसून टाकले.

"मेल्या," ते म्हणाले, "सूत्र म्हंजे काय श्राद्धातला मंत्र आहे, अर्थ न कळता म्हटला तरी पोचायला?"

मग त्यांनी सांगितले की पुस्तकात सहा माणसे असतील तर आपण आधी तीन घ्यायची. तीन जमली नाहीत तर दोन. आणि जेवढ्या मांडण्या होतील तेवढ्या सगळ्या एकेक करून लिहून काढायच्या, मग मोजायच्या, आणि मग आपण मोजण्यात काय केले ते स्वतःला विचारायचे. इंटरपर्यंत शिकलेल्या माणसाने पडवीत बसून अबक, अकब, बअक असे लिहीत राहावे ह्याचा मला इतका अपमान वाटला की दोन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण दुसरे जाण्यासारखे ठिकाण नव्हते. मास्तरांनी पाटी पुढे सरकवली.

आश्विन तापला, भाते पिवळी पडून कापणीला आली, आणि कापलेल्या भाताचा तो गोडसर, कोरडा वास मळ्यांतून वर चढून मास्तरांच्या पडवीपर्यंत येऊ लागला. त्या दिवसांत मला काही थोडे सुचू लागले होते. कमिट्यांची गणिते सुटू लागली, कारण कमिटीत कोण आधी आणि कोण नंतर ह्याला अर्थ नसतो, हे लिहून लिहून बोटांना कळले होते. ओळीत बसणाऱ्या माणसांची तर मला भीतीच उरली नाही. त्याचे श्रेय अण्णांचे. आमच्या आळीत लग्न असो की मुंज, पंगत मांडायला अण्णांना बोलावणे असायचेच. कुणाचा पहिल्या पाटाचा मान, कुठल्या दोन व्याह्यांचे जमत नाही म्हणून त्यांच्यामध्ये कुणातरी मुक्या स्वभावाच्या माणसाला बसवायचे, हे सारे ते पाने मांडतामांडता ठरवीत, आणि मी लहानपणापासून त्यांच्या मागे रांगोळीचे भांडे धरून हिंडलो होतो. अमुक दोघे शेजारी नकोत, असे पुस्तकाने म्हटले की मला त्यात साहेबाचे पाहुणे न दिसता आमचे व्याही दिसत, आणि उत्तर बरोबर येई. मी घरी येऊन आईशी गोड बोलू लागलो होतो.

पण गोल मेज आले की सारे मुसळ केरात. सहा पाहुणे गोल मेजाभोवती किती प्रकारांनी बसतील, ह्याचे उत्तर पुस्तक एकशेवीस देई आणि माझे सातशेवीस येई, दर वेळी. नियम मला पाठ होता. नियम सांग म्हटले असते तर झोपेतही सांगितला असता. पण गणित पुढे आले की हात आपल्याच वाटेने जाई, जसा काही तो हात माझा नव्हताच. मास्तर समजावीत, मी मान हलवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातशेवीस. एकदा मास्तरांनी पाटी जमिनीवर आपटली. मी म्हटले की मी आता कचेरीतच जातो, माझ्या डोक्यात हे शिरणार नाही. मला खरोखरीच रडू येत होते, आणि एवढ्या मोठ्या घोड्याने रडायचे कसे म्हणून मी समुद्राकडे तोंड करून बसलो. समुद्र उन्हात नुसता चकाकत होता, आणि त्याचाही मला राग आला.

मास्तर पाटी उचलून म्हणाले की तीनच माणसे घे, आणि तुला वेगळ्या दिसतात त्या मांडण्या चित्रे काढून दाखव. मी सहा वर्तुळे काढली आणि त्यांवर अ, ब, क मांडले. त्यांनी पहिल्या आणि चौथ्या वर्तुळावर बोट ठेवले. दोन्हींत अ-च्या उजवीकडे ब, ब-च्या उजवीकडे क. ही दोन वेगळी कशी, असे त्यांनी विचारले, आणि ह्या वेळी त्यांच्या आवाजात चीड नव्हती, खरीखुरी जिज्ञासा होती. मी त्या चित्रांकडे पाहत राहिलो, आणि जे इतके महिने माझे मलाच ठाऊक नव्हते ते तोंडातून निघून गेले.

"ह्यात दक्षिणेकडे तोंड अ-चं आहे, मास्तर. आणि ह्यात ब-चं."

आमच्याकडे ज्याचे वडील हयात आहेत तो दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसत नाही. ती पितरांची दिशा. लहानपणी चुकून तसा पाट ओढला की आई हातातले काम टाकून धावत येई आणि मला पाटासकट वळवी. पंगतीत अण्णा सगळ्यांत आधी पाहत ते हेच, की त्या अंगाला कुणाला बसवायचे. त्यामुळे पाहुणे एकेक घर सरकले की माझ्या लेखी सारी पंगत बदलत होती. शेजार तोच राहिला तरी काय झाले, कालपर्यंत पूर्वेकडे तोंड करून जेवणारा माणूस आज दक्षिणेकडे वळला होता, आणि त्याच्या घरात काय घडले हे सांगायला शब्द लागत नव्हते. साहेबाच्या मेजाला दिशा नव्हत्या. माझ्या मेजाला होत्या, आणि त्या मी कधी पुसल्याच नव्हत्या.

मास्तर हसतील असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. ते उठून आत गेले आणि तीन पाट घेऊन आले. पडवीत त्यांनी ते गोलाकार मांडले. एकावर तांब्या ठेवला, एकावर कंदील, आणि तिसऱ्यावर दडप्या पोह्यांची बशी घेऊन स्वतः बसले. दोन घास खाल्ले. मग सगळ्यांना एकेक घर सरकवले, पुन्हा बसले, पुन्हा दोन घास खाल्ले, आणि मला विचारले की कुणाचा शेजारी बदलला का. बदलला नव्हता. तिसऱ्या वेळी त्यांचे तोंड सरळ दक्षिणेला झाले. घास उचलताना त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा.

"मला कुठंही बसव रे," ते म्हणाले. "मला सगळ्या दिशा सारख्याच." आणि लगेच पुढे म्हणाले, "आता ह्या तांब्याला हलवायचं नाही. तो बसला म्हंजे बसला. बाकीचे त्याच्यापासनं मोज."

एकाला जागेवर बसवून टाकायचे आणि उरलेल्यांचीच मांडणी मोजायची. इतकेच होते ते. पाच जण उरत, आणि एकशेवीस उत्तर येई. त्या दुपारी मी घरी परतलो तो जवळजवळ पळतच. कातळावरचे गवत सोन्यासारखे वाळले होते, बंदरात एक गलबत शीड उतरवीत होते, आणि सहा, सात, आठ, जितके पाहुणे मनात येतील तितके मी वाटेने बसवीत चाललो होतो.

पुढे सारे सुरळीत झाले असे म्हणायला मला आवडले असते. वर्तुळ फिरवायला शिकलो तोवर पुस्तकाने मण्यांची माळ पुढे केली, आणि ती तर फिरतेच, वर उलटीही होते, म्हणजे पुन्हा निम्मे करा. पौषात कलमांना मोहोर आला, त्याच्या उग्र गोड वासाने डोके चढे, आणि मी मोहोराखाली बसून तीन मण्यांच्या, चार मण्यांच्या माळा लिहून काढीत असे, चुकत असे, दात ओठ खात असे. फरक इतकाच की आता चुकलो तर कुठे चुकलो ते कधी कधी मला आपले आपणच सापडे. एकदा एक गणित सोडवून झाल्यावर, पुस्तकाचे उत्तर पाहण्याआधीच, आपण काही मांडण्या दोनदा मोजल्या आहेत असे मला जाणवले. मी मास्तरांना ते मोठ्या अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, मग आता तुला माझी गरज नाही, उद्यापासून पाणी भरायला ये.

फाल्गुनात मुंबईला जाऊन परीक्षा दिली. गोल मेज आले होते. आठ पाहुणे, आणि त्यांतले दोघे एकमेकांशेजारी बसायला नाखूष. एकाला बसवला, बाकीचे मोजले, नाखुषांना वेगळे केले, फिरवून सारख्या होणाऱ्या सगळ्या मांडण्या एकच धरल्या. हात कुठे अडला नाही. ज्येष्ठात वर्तमानपत्रात निकाल छापून आला, त्यात माझा नंबर होता. फार वर नव्हता, पण होता. आईने देवापुढे साखर ठेवली, आणि अण्णांनी वर्तमानपत्र नीट घडी घालून फडताळात ठेवले, जे ते एरवी कधी ठेवीत नसत.

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले की वर्षभर घर डोक्यावर घेतलेस, तर एवढे काय होते त्या गणितात ते मला एकदा सांग तरी. मी माझ्या ताटाभोवती वाट्या मांडल्या आणि त्या फिरवून दाखवल्या. पंगतीतल्या जाणत्या माणसासारखे त्यांनी मन लावून ऐकले. सगळ्यांना एकेक घर सरकवले, तू दक्षिणेला वळलास, तरी पंगत तीच धरायची का, असे त्यांनी दोनदा विचारले, आणि मी दोनदा हो म्हटले. मग आमटीचा भुरका मारून ते हसले.

"म्हंजे पास व्हायला तुला एकदा मला मारावं लागलं म्हण की."

जेवताना कसले अभद्र बोलणे ते, म्हणून आई त्यांच्यावर तडकली, आणि ते अधिकच हसले. कोकणातल्या माणसाला आपल्या मरणाची थट्टा केल्याशिवाय अन्न पचत नाही. मी हसायचा प्रयत्न केला. पण मी फिरवलेल्या वाट्या पुन्हा जागच्या जागी लावू लागलो, कारण ते म्हणाले त्यात खोटे काही नव्हते. परीक्षेच्या दालनात मी मेजाभोवतीच्या दिशा पुसल्या तेव्हा मला काहीच वाटले नव्हते, आणि जे येण्यासाठी मी वर्षभर जीव टाकला ते हेच होते, काही न वाटणे. मला एकदम पडवीतली ती दुपार दिसू लागली. पद्धत तेवढी घेऊन मी पळत सुटलो होतो. मास्तरांचे आधीचे वाक्य मला त्या दिवशी ऐकूच आले नव्हते. सगळ्या दिशा सारख्या होण्यासाठी माणसाच्या घरातून कोण कोण जावे लागते, हे मला आमटीची वाटी हातात धरून आता कळत होते.

दुसऱ्या दिवशी आईने केलेल्या नारळाच्या वड्या घेऊन मी मास्तरांकडे गेलो. पाऊस रपरप पडत होता. कातळावरून गढूळ पाण्याचे ओहोळ वाहत होते, आणि त्यांच्या खोलीत ओल्या लाकडाचा धूर कोंडला होता. निकाल ऐकून ते फक्त "बरं झालं" म्हणाले, आणि जेवूनच जा, म्हणून त्यांनी भात वाढायला घेतला. चुलीसमोरची जागा चिंचोळी. भिंतीशी एक पाट मांडलेलाच होता. तो त्यांचा रोजचा असावा. मी मनात काही न आणता त्यावर बसू लागलो.

"थांब," मास्तर म्हणाले.

त्यांनी वाकून दुसरा पाट काढला, पदार्थांची भांडी बाजूला सारून कशीबशी जागा केली, आणि तो पूर्वेकडे तोंड होईल असा आडवा टाकला. जागा इतकी अपुरी होती की माझा गुडघा चुलीच्या कडेला लागत होता. मी बसल्यावर ते आपल्या पाटावर जाऊन बसले, दक्षिणेकडे तोंड करून, आणि अण्णांची तब्येत कशी आहे असे त्यांनी विचारले. उत्तम आहे, मी म्हटले. त्यांनी मान हलवली, आणि माझ्या भातावर जरा जास्तच तूप वाढले.